“बाबांचा परफ्यूम लावला का गं?” : लाकडी सुगंध शोधणाऱ्या मुलीला सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमचं वय 29, नोकरी नागपूरच्या मिहानमध्ये, रोजचा प्रवास मेट्रोनं. फुलांचे आणि व्हॅनिलाचे गोड वास तुमच्या डोक्यात जातात. आजी सहाणेवर चंदन उगाळायची, तो वास आवडतो. पण दुकानात ‘वुडी’ म्हटलं की पुरुषांच्या कपाटाकडे नेतात. तिथून घेतलेली बाटली लावून ऑफिसात गेलात तर मैत्रीण म्हणाली, “बाबांचा परफ्यूम लावला का गं?” मे महिन्यात बहिणीचं लग्न आहे, बजेट पाच हजार, आणि तुम्हाला असा लाकडी सुगंध हवाय जो बाईचा वाटेल, दहाजणींच्या अंगावर नसेल आणि नागपूरच्या उन्हात टिकेल.

मी तेवीस वर्षं अत्तरं आणि परफ्यूम मिसळायचं काम करते. त्याआधीचं माझं सगळं बालपण नागपूरच्या लकडगंजात गेलं, वडिलांची सागवानाची वखार होती. बल्लारशाहून, आलापल्लीहून आलेला माल आरामशीनवर चढला की शाळेतून आल्या आल्या मी भुशात पाय खुपसून बसायची. ताज्या कापलेल्या सागाचा वास चामड्यासारखा, थोडा तेलकट असतो. बीजा कापला तर वेगळा, सालई कापली तर धुपासारखा. मृगाचा पहिला पाऊस भुशाच्या ढिगावर पडला की हे सगळे वास एकदम उठायचे. त्यामुळे लाकडाचा वास पुरुषांचा असतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि दुकानात बसायला लागले तेव्हा ते ऐकून खरंच नवल वाटलं होतं.

तेव्हा पहिली गोष्ट. तुमच्या मैत्रिणीच्या नाकानं चूक केलेली नाही, पण तिनं ओळखलं ते लाकूड नव्हतंच. तिनं ओळखला तो दाढीनंतर लावायच्या लोशनचा वास. पुरुषांच्या बहुतेक ‘वुडी’ बाटल्यांत लाकूड तळाशी, म्हणजे शेवटी मागे उरणाऱ्या वासात असतं आणि वर असतो लव्हेंडर, ओकच्या झाडावरचं शेवाळासारखं दगडफूल आणि वाळल्या गवतासारखा वास देणारं कुमारिन यांचा एक ठरलेला मेळ. त्याला फूजेर म्हणतात. 1882 साली उबिगाँ या फ्रेंच घराण्यानं ‘फूजेर रॉयाल’ काढलं, तिथून हा मेळ सुरू झाला आणि पुढे न्हाव्याच्या खुर्चीपासून साबणापर्यंत सगळीकडे पुरुषांच्या नावानं चिकटला. विसाव्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत त्यात डायहायड्रोमिर्सेनॉल नावाचा एक कृत्रिम घटक भरपूर पडायला लागला. धुतलेल्या कपड्यासारखा, लिंबाळ, थंड. ‘स्वच्छ आंघोळ केलेला माणूस’ म्हणून जो वास आपल्या डोक्यात बसलाय, तो हाच. आपल्याकडे नव्वदच्या दशकापासून घराघरात बाबांच्या, काकांच्या कपाटात हाच वास होता. मैत्रिणीला बाबा आठवले ते त्यामुळे.

आता यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट सांगते. त्या थंड, पुरुषी वासाची सर्वांत गाजलेली बाटली म्हणजे 1988 चं ‘कूल वॉटर’. ते बनवलं पिएर बूर्दाँ यांनी. आणि चारच वर्षांनी, 1992 मध्ये, याच बूर्दाँ यांनी ख्रिस्टोफर शेल्ड्रेक यांच्याबरोबर ‘फेमिनिते द्यू ब्वा’ बनवलं. नावाचा अर्थच ‘लाकडाचं स्त्रीत्व’. शिसेडो या जपानी कंपनीसाठी सर्ज ल्युटेन्स यांनी ते करवून घेतलं. मोरोक्कोतल्या अ‍ॅटलास सीडरचा वास त्यांच्या मनात बसला होता आणि तो बाईच्या अंगावर यावा असा त्यांचा हट्ट होता. त्या सीडरच्या शेजारी आलुबुखार, दालचिनी, लवंग आणि व्हायोलेट बसवलं. लव्हेंडर नाही, धुतल्या कपड्याचा गारवा नाही. तेच लाकूड एकदम ऊबदार, गरदार, पिकलेलं वाटायला लागलं. आज ते ल्युटेन्स यांच्या स्वतःच्या नावानं मिळतं.

माझं सगळं उत्तर याच धाग्यावर आहे: लाकडाचा शेजार बघा. लाकूड एकटं असतं तेव्हा ते ना बाईचं, ना पुरुषाचं. शेजारी कोण बसलंय त्यावर ते कोणाचं वाटेल हे ठरतं.

आपल्याकडे तर हा प्रश्न यायलाच नको होता. चैत्रातल्या हळदीकुंकवाला हातावर चंदनाचा लेप, मनगटावर अत्तर, वरून गुलाबपाणी. दिवाळीच्या उटण्यात नागरमोथा, वाळा, गव्हला कचोरा, चंदन. वेणीत मोगऱ्याबरोबर पाचेची सुगंधी पानं. गुलाबपाणी आणि मोगरा सोडले तर यातली बहुतेक मुळं, खोडं आणि पानंच. आपल्या आज्या लाकडी सुगंधच लावत होत्या. युरोपातही 1926 मध्ये एर्नेस्ट बो यांनी शनेलसाठी ‘ब्वा देझील’ म्हणजे ‘बेटांचं लाकूड’ केलं, ते चंदनावर उभं आहे आणि बायकांसाठीच केलेलं आहे. गेरलँचं 1989 चं ‘साम्सारा’ म्हणजे चंदन आणि मोगऱ्याच्या कुळातली जाई-चमेली. दुकानातल्या कपाटांची वाटणी विक्रीच्या सोयीसाठी आहे. तुम्ही दोन्ही कपाटांतलं हुंगा.

आता लाकडांकडे येते. ‘वुडी’ या एका शब्दात किमान सहा वेगवेगळे स्वभाव कोंबलेले आहेत आणि तुम्हाला यातला कोणता हवाय हे ठरल्याशिवाय मी नाव सुचवण्यात अर्थ नाही.

चंदन. तुम्ही आजीच्या सहाणेचा उल्लेख केलात म्हणून याच्यावर जास्त लिहिते. सहाणेवरचं चंदन आणि बाटलीतलं चंदन यांत फरक वाटतो, आणि तो खरा आहे. खोड पाण्याबरोबर उगाळताना जो वास येतो त्यात ओल्या दगडाचा, पाण्याचा गारवा असतो, आणि गंध लावल्यावर पाणी उडालं की तो मंद होत जातो. तेलात तो गारवा नसतो. तिथं दुधाळ, सायीसारखा, किंचित लोण्याच्या कडेला जाणारा वास मिळतो. त्यामुळे बाटली हुंगून “आजीचा वास नाही आला” असं वाटलं तर बाटलीला लगेच खोटं ठरवू नका.

खोटं ठरवायला दुसऱ्या खुणा आहेत. चंदनाच्या झाडाला वास असतो तो गाभ्याला, बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला जवळजवळ नाही. आणि गाभा धरायला झाडाला पंधरा-वीस वर्षं तरी लागतात. गंमत म्हणजे हे झाड स्वतःसुद्धा शेजारावरच जगतं, त्याची मुळं आजूबाजूच्या झाडांच्या मुळांतून रस ओढतात. अशा झाडाचं तेल स्वस्त असूच शकत नाही. शुद्ध तेलाचा भाव किलोला लाखाच्या वर आहे, म्हणजे दहा ग्रॅमचेच हजाराच्या वर झाले. दहा मिली ‘शुद्ध चंदन’ तीनशे रुपयांत कोणी देत असेल तर ते दुसरं काहीतरी आहे. चंदनतेलाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यात अल्फा सँटॅलॉल 41 ते 55 टक्के आणि बीटा सँटॅलॉल 16 ते 24 टक्के असावं लागतं. चांगला व्यापारी मालाबरोबर हा तपासणी अहवाल दाखवतो. मागायला लाजू नका.

सुरुवातीच्या काळात मी एका घाऊक विक्रेत्याकडून अर्धा किलो चंदनतेल आणलं होतं. डबा उघडला तेव्हा वास झकास होता. सवयीनं वास बघायच्या कागदाच्या दोन पट्ट्या बुडवून खिडकीत अडकवल्या, एक त्या मालाची, एक माझ्या जुन्या कुपीतली. सकाळी त्याची पट्टी प्लास्टिकच्या नव्या चपलेसारखी वास मारत होती. जुनी पट्टी तिसऱ्या दिवशीही दुधाळ होती. पैसे काही परत मिळाले नाहीत. तेव्हापासून मी कोणताही लाकडी माल एक रात्र पट्टीवर ठेवल्याशिवाय घेत नाही, आणि तुम्हीही तेच करा. लाकडात भेसळ आहे का हे सकाळी कळतं.

वाळा. नागपूरकराला याची ओळख करून द्यायची गरज नाही. एप्रिलमध्ये कूलरच्या नव्या ताट्या लावून पहिल्यांदा पाणी सोडलं की घरात जो वास भरतो, तो वाळा. माठात टाकायची पुरचुंडी, तीही वाळा. हे मूळ आहे, खोड नाही, तरी सुगंधाच्या धंद्यात त्याची गणना लाकडी वासांतच होते. कोरडा, मातकट, थोडा धुरकट, आणि मधेच हिरवा. जावा बेटावरचा जास्त धुरकट, हैतीचा स्वच्छ आणि मोकळा. आपला उत्तरेकडचा रानवाळा कनौजला तांब्याच्या भांड्यांत ऊर्ध्वपातन करून काढतात, त्याला रूह खस म्हणतात आणि तांब्यामुळे त्याला हिरवी छटा येते. चुकूनही ‘खस’ लिहिलेल्या हिरव्यागार सरबती वासाशी याची गल्लत करू नका. खरी रूह खस पहिल्या दहा मिनिटांत ओल्या पोत्यासारखी वाटते आणि बरेचजण तिथेच तोंड फिरवतात. अर्धा तास थांबा.

उन्हाळ्यासाठी माझं पहिलं मत वाळ्याला. लाकडी वासांत हा एकटाच असा आहे जो उन्हात जड होत नाही.

देवदार आणि सीडर. जुन्या चांगल्या पेन्सिलीला टोक करतानाचा वास आठवा, ते व्हर्जिनियाचं सीडर, जे वनस्पतीशास्त्राप्रमाणे जुनिपर आहे. कोरडं, टोकदार, सरळ. अ‍ॅटलासचं सीडर आणि आपला हिमालयातला देवदार हे खरे सख्खे भाऊ. देवदाराची सुरुवात किंचित आंबूस होते, मग राळेसारखी गोडी येते. चंदन ज्यांना फार देवघरातलं वाटतं त्यांना मी देवदार देते. ऑफिससाठी उत्तम, कारण तो अंगाजवळ राहतो, मजलाभर पसरत नाही.

नागरमोथा. मध्य भारतातली आपली गवतासारखी वनस्पती, तिच्या कंदाचं तेल काढतात. परदेशी परफ्यूमवाल्यांच्या यादीत ते ‘सायप्रिऑल’ नावानं असतं. फार जोरकस, धूर आणि चामडं दोन्ही. ऊदाचा भास निर्माण करायला हे वापरतात. एखादा थेंब पुरतो, दोन थेंबांत सगळं मिश्रण त्याच्या ताब्यात जातं.

ऊद म्हणजे अगरु. अगराच्या झाडाला बुरशी लागली की ते स्वतःच्या बचावासाठी राळ तयार करतं, ती राळ भरलेलं लाकूड म्हणजे ऊद. आसामचा प्रसिद्ध. लग्नात, जानेवारीच्या थंडीत राजेशाही. मे महिन्यात दुपारी, भरल्या मेट्रोत, कृपा करून नको.

पाच, म्हणजे पॅचुली, पान असूनही लाकडासारखी वागते. तिच्याबद्दल एवढंच सांगते की गोड वास नको असतील तर बाटलीवर पॅचुली आणि व्हॅनिला एकत्र दिसले की सोडून द्या, ती जोडी चॉकलेटकडे जाते.

हे झाले निसर्गाचे. यांच्याशिवाय प्रयोगशाळेतली लाकडं आहेत आणि आजच्या बहुतेक बाटल्यांत तीच जास्त असतात. त्यात वाईट काही नाही. ‘आयसो ई सुपर’ नावाचा एक घटक 1970 च्या दशकात आला, मखमली सीडरसारखा. 2006 मध्ये ‘मॉलिक्यूल 01’ निघालं, त्यात सुगंध म्हणून हा एकच घटक आहे. पण एक अडचण आहे. काही लोकांना हा वास येतच नाही, किंवा मधेच येतो आणि मधेच गायब होतो. मोठ्या रेणूंच्या लाकडी आणि कस्तुरीसारख्या वासांबाबत हे बऱ्याच नाकांचं होतं. तेव्हा बाटली “टिकत नाही” असं ठरवण्याआधी घरातल्या कोणालातरी जवळ येऊन हुंगायला सांगा. माझ्याकडे एक शिक्षिका येतात, त्यांना वाटायचं परफ्यूम तासात उडतो, म्हणून त्या दिवसातून तीनदा फवारायच्या. शेवटी वर्गातल्या मुलींनी खिडक्या उघडायला सुरुवात केली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. मी इथे बसून तुमच्या त्वचेबद्दल सांगू शकत नाही. कोरड्या त्वचेवर सुगंध लवकर उडतो, तेलकट त्वचेवर जास्त वेळ बसतो. आपल्याकडे मार्च ते मे हवा इतकी कोरडी असते की एरवी चांगली त्वचासुद्धा शुष्क पडते. त्यात पारा 45 च्या वर. उष्णता वाढली की बाष्पीभवन वाढतं, म्हणून तोच परफ्यूम पहिल्या तासात दुप्पट ओरडतो आणि संध्याकाळपर्यंत दमतो. संत्र्याच्या सालीतल्या लिमोनीनसारखे लहान रेणू तर मिहानला पोचेपर्यंत संपलेले असतात. चंदन, वाळा, देवदार यांचे रेणू मोठे आणि जड, ते मागे राहतात. म्हणूनच उन्हाळ्यात लाकडी सुगंध निवडण्यात तुम्ही मुळातच शहाणपणा केलाय.

पावसाळ्यात उलटं. हवा दमट झाली की वास तरंगत राहतो, तेव्हा निम्मं लावा. डिसेंबर-जानेवारीत सगळं हळू चालतं, तेव्हा ऊद, नागरमोथा, दालचिनीवालं काहीही चालेल. वर्षभर एकच बाटली असावी हा आग्रह धरू नका. लोक तुम्हाला ओळखतील ते एका तळामुळे. चंदन-देवदाराचा तळ कायम ठेवून उन्हाळ्यात त्यावर वाळा आणि हिवाळ्यात मसाला, असं केलं तरी तो सुगंध तुमचाच राहतो.

हुंगायचं कसं, इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात म्हणून नीट सांगते. सीताबर्डीत किंवा मॉलमध्ये जाऊन एका दमात दहा फवारे हुंगून पहिल्या पाच मिनिटांत बाटली घेऊ नका. पहिली पाच मिनिटं विकण्यासाठी बनवलेली असतात. त्यात तुम्हाला लाकूड दिसतच नाही, दिसतो तो वरचा पाहुणा. एका फेरीत तीनच पट्ट्या. त्यातली सर्वांत आवडलेली एक हाताच्या आतल्या बाजूला, कोपराच्या खाली लावा, चोळू नका, आणि दुकानातून बाहेर पडा. एसीत उभं राहून काही कळत नाही. बर्डीवर एक चक्कर मारा, उसाचा रस प्या, घरी जा. पहिल्या अर्ध्या तासानं एकदा, दोन तासांनी एकदा आणि झोपण्याआधी एकदा हुंगा. नाक थकलं तर कॉफीच्या बिया वगैरे लागत नाहीत, स्वतःच्या बाहीत नाक खुपसून दोन श्वास घ्या, पुरे.

झोपण्याआधीचा जो वास आहे, तो तुमचा खरा परफ्यूम. तिथे जर दाढीचं लोशन येत असेल, तर पुन्हा तोच शेजार तुमच्या वाट्याला आलाय. तिथे जर साय, माती, पेन्सिल, वाळलेलं फळ असं काही येत असेल तर घ्या.

आता नावं आणि पैसे. ‘फेमिनिते द्यू ब्वा’, शनेलचं 2008 चं ‘सिकोमोर’ (यात वाळा मुख्य), दिप्तीकचं 2003 चं ‘ताम दाओ’ (चंदन, सीडर, सायप्रस), या पूर्ण बाटल्या तुमच्या बजेटबाहेर आहेत. पण मूळ बाटलीतून काढलेल्या दोन-पाच मिलीच्या कुप्या मिळतात, त्यांना डिकँट म्हणतात. विश्वासाच्या माणसाकडून घ्या. एक आणखी नाव तुम्हाला अनपेक्षित वाटेल: एर्मेसचं ‘तेर देर्मेस’, 2006, झाँ-क्लोद एलेना यांनी केलेलं. विकतात ते पुरुषांसाठी म्हणून. पण त्यात संत्रं, सीडर, वाळा आणि तापलेल्या गारगोटीसारखा वास आहे, लव्हेंडरचा फूजेर मेळ नाही. काटोलच्या बागेत दुपारी संत्रं सोलून तापल्या बांधावर बसल्यासारखं मला वाटतं. कित्येक बायकांच्या अंगावर ते सुंदर बसतं. तुमच्या मैत्रिणीच्या नाकावर त्याची परीक्षा घ्या.

पाच हजारांचं मी असं करीन. साधारण दोन हजारांत वर सांगितलेल्यांपैकी दोन-तीन डिकँट. ते संपेपर्यंत, म्हणजे दोनेक महिने, तुमचं नाक काय मागतंय ते कळेल. हजार-दीड हजारात शुद्ध मालाच्या छोट्या कुप्या: चंदनतेल दोन मिली, रूह खस एक मिली, देवदार पाच मिली (हे स्वस्त आहे). उरलेले पैसे हातात ठेवा, घाईनं काही घेऊ नका.

या कुप्यांतून घरी एक साधं मिश्रण जमतं, मी दुकानात नवशिक्यांना हेच देते. पाच मिलीची काचेची कुपी घ्या. चंदन बारा थेंब, देवदार चार, रूह खस तीन, गुलाबाचं चांगलं अत्तर एक. नागरमोथा मिळाला तर आगकाडीचं टोक त्यात बुडवून ते मिश्रणात फक्त हलवा, थेंब टाकू नका. वरून वास नसलेलं जोजोबा तेल भरा. बूच घट्ट लावून अंधारात तीन आठवडे ठेवा. पहिल्या दिवशी हे चार भांडणारे शेजारी वाटतील, तिसऱ्या आठवड्यात एका वाड्यात राहायला लागतात. त्या एका गुलाबाच्या थेंबाला घाबरू नका, त्याचा वास फूल म्हणून येणार नाही. लाकडाला गोलाई देणं एवढंच त्याचं काम. तोच काढून बघा, मिश्रण लगेच कोरडं आणि कडक होतं. लावण्याआधी कोपराच्या आत थोडंसं लावून एक दिवस थांबा, खाज किंवा लाली आली तर नको.

एक सावधगिरी नागपूरसाठी खास. घरच्या मिश्रणात ताजेपणासाठी लिंबाचं किंवा बर्गमोटचं दाबून काढलेलं तेल टाकायचा मोह होतो. ते अंगावर असताना ऊन लागलं तर त्वचेवर काळे डाग पडतात आणि महिनोन्‌महिने जात नाहीत. गोड संत्र्याच्या तेलाचा तसा त्रास नाही. तरी काहीही झालं तरी उघड्या मानेवर लावून उन्हात जाऊ नका, कपड्याखाली लावा.

ऑफिससाठी: आंघोळीनंतर अंग किंचित ओलं असताना वास नसलेलं मॉइश्चरायझर किंवा खोबरेल तेलाचा अगदी पातळ हात, त्यावर दोन फवारे, एक छातीवर कपड्याच्या आत, एक कोपराच्या खळग्यात. बस्स. मेट्रोचा डबा बंद, ऑफिसचा मजला बंद, सगळ्यांना तीच हवा. शेजारचीला वास यायला हवा तो तुम्ही फाईल द्यायला वाकल्यावर, लिफ्टमधून उतरल्यावर मागे राहिलेला नको.

लग्नासाठी: मे महिना आहे, तेव्हा मिरवायचा मोह आवरून वाळा-चंदनच ठेवा. रेशमी साडीवर तेलाचं अत्तर थेट लावू नका, डाग पडतो आणि जात नाही. जुनी पद्धत उत्तम आहे, अत्तराचा फाया कानाच्या पाळीच्या वरच्या घडीत. दुसरी जागा गुडघ्याची मागची बाजू, साडी हलली की वास वर येतो. मुहूर्ताच्या तासभर आधी लावा म्हणजे वरचे वास उडून जातील आणि हार घालायच्या वेळी लाकूड वर आलेलं असेल. गजरा घालणार असाल तर मोगराच घाला. मोगऱ्याच्या शेजारी चंदन बसलं की काय होतं हे तुम्हाला नाकानंच कळेल. अबोलीला वास नसतो, ती घातलीत तर तो शेजार मिळणार नाही.

आणि बाटल्या ठेवायची जागा. ड्रेसिंग टेबल खिडकीपाशी असेल तर तिथे नको, गाडीत तर अजिबात नको. एप्रिलमध्ये दुपारी उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला परफ्यूम मी पाहिलाय, पंधरा दिवसांत रंग गडद आणि वरचा सगळा वास व्हिनेगरसारखा झाला होता. गोदरेजच्या कपाटात सगळ्यात खालचा कप्पा, मूळ खोक्यासकट. चंदनाच्या कुपीला मात्र वय झालेलं चालतं, नीट बंद ठेवलीत तर ती वर्षागणिक अधिक गोल होत जाते. माझ्याकडे वडिलांनी दिलेली एक आहे, अजून तळाशी बोटभर शिल्लक आहे.

डिकँट लावून बघितलेत की प्रत्येकाचा झोपण्याआधीचा वास कागदावर दोन शब्दांत लिहून ठेवा आणि मला कळवा. त्यावरून पुढचं सांगता येईल.